लुथरन सर्व्हिस बुक: पुस्तक कसंय, आणि त्यातली मोकळीक किती खरी

आधी निकाल सांगून टाकतो, पुस्तक घ्या. लुथरन सर्व्हिस बुक, सेंट लुईसच्या कन्कॉर्डिया पब्लिशिंग हाऊसने 2006 मध्ये काढलेलं, अमेरिकेतल्या लुथरन चर्च मिसूरी सिनॉड या लुथरन मंडळ्यांच्या संघाचं उपासनेचं आणि गीतांचं अधिकृत पुस्तक. गडद मरून कव्हर, जाडजूड, हातात घेतलं की वजन जाणवतं, पण बांधणी पक्की आहे आणि पान उघडं ठेवलं की उघडं राहतं, जे गाताना फार कामाचं. ज्यांना फक्त गाणी हवीत त्यांनाही आवडेल. पण मला लिहायचंय ते वेगळ्या कारणाने. लुथरन लोकांत एक वाद कायम चालू असतो, की उपासनेचा विधी ही ख्रिस्ती स्वातंत्र्याची गोष्ट आहे की नाही, म्हणजे हीच लिटर्जी पाहिजे, हेच झगे, हाच क्रम, की प्रत्येक चर्चच्या मंडळीने आपलं आपण ठरवावं. या वादावर लेख पुष्कळ वाचले, पण उत्तर सगळ्यात नीट दिसलं ते या पुस्तकाच्या मांडणीत.

पुस्तकात प्रभुभोजनासह, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीसह, पूर्ण उपासनेचे पाच क्रम आहेत, त्यांना सेटिंग म्हणतात. पहिलं 151 पानावर, मग 167, 184, 203 आणि पाचवं 213 वर. नवीन माणूस बिचकतो, की पाच कशाला, एकच द्या ना. पण जरा बसून पाचही शेजारी शेजारी वाचले की लक्षात येतं. तिसरं सेटिंग म्हणजे 1888 च्या कॉमन सर्व्हिसची, अमेरिकेतल्या लुथरनांच्या सामाईक उपासनेची परंपरा, तीच जी 1941 च्या जुन्या गीतपुस्तकात 15 व्या पानावर होती आणि पिढ्यांना तोंडपाठ होती, जुनी आदरार्थी इंग्रजी तशीच ठेवलीये. पहिलं आणि दुसरं हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या सुरावटींचे. चौथं साधं, त्यात विधीच्या गद्य भागांच्या जागी बरीच गीतं घातलीत म्हणजे लहान मंडळीलाही सहज गाता येतं. आणि पाचवं थेट धर्मसुधारक मार्टिन लुथरच्या 1526 च्या जर्मन मिस्सावर, म्हणजे प्रभुभोजनाच्या उपासनेवर बेतलेलं, मतांगीकार म्हणजे विश्वासाची ठरलेली कबुली पण गाऊन आणि पवित्र पवित्र पवित्र पण यशयाच्या दर्शनाच्या गीतातून.

आता या पाचांत काय बदलतं आणि काय बदलत नाही ते बघा. सूर बदलतो, भाषेचा बाज बदलतो, गीत कुठे आणि गद्य कुठे ते बदलतं. पण पापकबुली आणि पापक्षमेची घोषणा, शास्त्रवाचन, प्रवचन, आणि ज्या रात्री प्रभू येशूला धरून देण्यात आलं त्या रात्रीची स्थापनेची वचनं (हे माझं शरीर आहे, वगैरे), ही पाचही ठिकाणी आहेत. स्थापनेच्या वचनांना कोणी हात लावलेला नाही. ही मांडणी म्हणजेच ऑग्सबर्ग कबुलीचं, लुथरन विश्वासाच्या मूळ निवेदनाचं, सातवं कलम आहे, 1530 चं, की चर्चच्या खऱ्या ऐक्याला सुवार्ता शुद्ध शिकवली जाणं आणि साक्रामेंतं (बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन) सुवार्तेप्रमाणे दिली जाणं एवढं पुरेसं आहे, माणसांनी घातलेले विधी आणि परंपरा सगळीकडे सारख्या असायची गरज नाही. कलम बऱ्याच जणांना पाठ असतं, इथे ते वापरून दाखवलंय.

एक पान मुद्दाम जवळून सांगतो. पहिल्या सेटिंगमध्ये 161 च्या सुमारास, प्रभुभोजनाच्या भागात, पान दोन रकान्यांत फुटतं. डावीकडे आधी उपकारस्तुतीची प्रार्थना, मग स्थापनेची वचनं, प्रभूची प्रार्थना त्यानंतर. उजवीकडे ती मोठी प्रार्थना नाहीच, प्रभूची प्रार्थना आणि लगेच वचनं. हे साधं वाटतं पण यामागे जुनं भांडण आहे. लुथरने 1523 मध्ये लॅटिन मिस्सा सुधारली तेव्हा वचनांभोवतीच्या अर्पणाच्या प्रार्थना काढून टाकल्या, कारण त्यातून असं वाटत होतं की आपण देवाला काहीतरी अर्पण करतोय, आणि प्रभुभोजन तर देव आपल्याला देतो. म्हणून काही लुथरन लोकांना वचनांच्या आसपास कसलीच लांब प्रार्थना नको असते. दुसरे म्हणतात उपकारस्तुती ही काही अर्पण नाही, आभार मानायला काय हरकत. पुस्तकाने दोघांनाही जागा दिली आणि पान एकच ठेवलं, म्हणजे एका मंडळीने डावीकडचं वापरलं आणि शेजारच्या मंडळीने उजवीकडचं तरी दोघे एकाच वेदीचे. मला हे फार आवडतं. दोन्ही रकान्यांत वचनं पूर्ण आणि स्वच्छ उभी आहेत, म्हणून ही मोकळीक निभावते, नाहीतर नसती निभावली.

तशाच बारीक बारीक सूचना जागोजागी आहेत. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने म्हणताना आपल्या बाप्तिस्म्याची आठवण म्हणून क्रुसाची खूण करता येईल. करता येईल, केलीच पाहिजे असं नाही. काही ठिकाणी गुडघे टेका किंवा उभे रहा, दोन्ही लिहिलंय. ज्याला खूण करायची तो करतो, शेजारचा करत नाही, आणि कोणी कोणाकडे वळून बघायचं कारण नाही. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल खाणारा आणि न खाणारा यांच्याबद्दल जे सांगतो तेच इथे बाकावर बसून पाळायला मिळतं.

आणि मार्जिनमधले संदर्भ! विधीतल्या ओळींच्या बाजूला बारीक टाईपात शास्त्राचे संदर्भ छापलेत, स्तोत्र कुठलं, पत्र कुठलं, ही ओळ पवित्र शास्त्रात कुठून आली. ज्यांना वाटतं लिटर्जी म्हणजे माणसांनी रचलेले शब्द, त्यांनी एकदा मार्जिन वाचत वाचत पूर्ण उपासना करावी. मी असं केलं तेव्हा मला कळलं की मी लहानपणापासून जे पाठ म्हणत होतो त्यातलं बरंचसं सरळ वचनच होतं. क्रम माणसांनी लावला, आशय वचनाचा. म्हणून क्रमाबद्दल मोकळीक आहे असं म्हणताना आशयाबद्दल पण आहे असं सरकवून चालत नाही.

आता खऱ्या वादाकडे येतो कारण पुस्तक विकत घेणाऱ्याला तो माहीत असायला हवा. लुथरन कबुलीजबाबात एक शब्द येतो, अडिआफोरा, म्हणजे ज्या गोष्टींची देवाच्या वचनात आज्ञाही नाही आणि मनाईही नाही अशा गोष्टी. 1577 च्या फॉर्म्युला ऑफ कन्कॉर्ड या लुथरन कबुलीचं दहावं कलम पूर्ण यावरच आहे. त्यात स्वच्छ लिहिलंय की प्रत्येक ठिकाणच्या आणि प्रत्येक काळातल्या मंडळीला असे विधी आपल्या परिस्थितीप्रमाणे बदलायचा अधिकार आहे, ज्यात मंडळीची उन्नती होईल तसे. हे वाक्य लोक उचलतात आणि तिथेच थांबतात. पण त्याला जोडूनच येतं की हे उथळपणे करू नका, कोणाला अडखळण होईल असं करू नका, आणि विश्वासात दुर्बळ असलेल्यांना सांभाळा. म्हणजे अधिकार आहे, पण तो कोणाचा आणि कशासाठी ते त्याच कलमात ठरलंय. मंडळीचा आहे, एकट्या पाळकाचा नाही, आणि मला कंटाळा आला म्हणून रविवारी सगळं उलटंपालटं करतो यासाठी तर नाहीच नाही.

मी एका मंडळीत हे होताना पाहिलंय, नाव नको. दर काही आठवड्यांनी क्रम बदलायचा, कधी मतांगीकार गायब, कधी पापकबुलीच्या जागी कोणीतरी त्याच आठवड्यात लिहिलेला परिच्छेद, आणि विचारलं की उत्तर ठरलेलं, अहो विधी अडिआफोरा आहे. पहिल्या बाकावरच्या एक आजी, ज्यांना दिसत नव्हतं आणि ज्या सगळं पाठ म्हणायच्या, त्या गप्प बसायला लागल्या. पाठ काय म्हणणार, दर वेळी नवीन. त्यांच्याकडून जे काढून घेतलं गेलं ते स्वातंत्र्याच्या नावाने काढून घेतलं, आणि दहावं कलम नेमकं अशाच माणसांना सांभाळायला सांगतं. मला त्याचा अजून राग येतो.

पण दुसरी बाजूही तितकीच चुकते. काही जण म्हणतात तिसरं सेटिंग हीच खरी लुथरन उपासना, बाकी सगळं पातळ केलेलं. किंवा पाळकाने अमुक झगा घातला नाही म्हणजे तो लुथरन नाही. बाबांनो, लुथरने स्वतः जर्मन मिस्साच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय की यातून कायदा करू नका, कोणाची सदसद्विवेकबुद्धी बांधू नका, ज्यांच्याकडे आपला चांगला क्रम आहे त्यांनी तो विटेनबर्गसाठी, म्हणजे लुथरच्या गावातल्या क्रमासाठी, सोडायची गरज नाही. त्याच प्रस्तावनेत तो असंही म्हणतो की एका राज्यात, आजूबाजूच्या गावांत तरी एकसारखी उपासना असली तर बरं, कारण लोक गोंधळतात. मोकळीक आणि एकसारखेपणा, दोन्ही एकाच माणसाने, एकाच पानावर, आणि कारण दोन्हीचं एकच, शेजाऱ्यावरचं प्रेम.

1539 मधलं त्याचं पत्र तर मला फार प्रिय आहे. बर्लिनच्या बुखहोल्त्सर नावाच्या पाळकाला प्रश्न पडला होता की इलेक्टर म्हणजे तिथला शासक योआखिम दुसरा झगे आणि मिरवणुका ठेवतोय, आता काय करू. लुथरने कळवलं की सुवार्ता शुद्ध सांगू देत असेल आणि साक्रामेंतं नीट असतील तर घाला झगा, एक पुरत नसेल तर अहरोनासारखे तीन घाला, एक मिरवणूक पुरत नसेल तर यहोशवासारख्या सात काढा, आणि इलेक्टरला नाचावंसं वाटलं तर दाविदासारखं नाचू द्या, फक्त या गोष्टी तारणासाठी लागतात म्हणून सदसद्विवेकबुद्धी बांधली जाऊ नये. झगा बघून विश्वास मोजणाऱ्याने आणि झगा बघून नाक मुरडणाऱ्यानेही हे पत्र वाचावं.

मग प्रश्न येतो की सगळंच मोकळं तर मग लुथरन लोक कधीकधी इतके हट्टी का होतात. त्याचं उत्तर 1548 मध्ये आहे. आदल्या वर्षी म्यूलबर्गच्या लढाईत प्रोटेस्टंट राजे हरले, सम्राट पाचव्या चार्ल्सने ऑग्सबर्ग इंटरिम हा तात्पुरता धार्मिक तोडगा लादला, आणि सॅक्सनीत लुथरचा सहकारी मेलांकथॉन वगैरे लोकांनी तडजोडीचा मसुदा केला, लाइपझिग इंटरिम. म्हणजे शिकवण शक्य तितकी वाचवू, झगे उपवास सण वगैरे देऊन टाकू, त्या काय अडिआफोरा आहेत. माग्डेबुर्गमधून फ्लाकियुस हा लुथरन धर्मपंडित ओरडून सांगत होता की जिथे कबुलीचा प्रश्न आहे आणि लोक अडखळतायत तिथे काहीच अडिआफोरा राहत नाही. झगा तोच, पण जोरजबरदस्तीने घालायला लावला आणि बघणाऱ्याला वाटलं की सुवार्ता सोडली, तर तो झगा आता मोकळा राहिला नाही. फॉर्म्युलाने हे मान्य केलं. आधार पौलाचा. तीमथ्याची सुंता त्याने स्वतः केली, प्रेषितांची कृत्ये 16 मध्ये, यहुद्यांपर्यंत पोहोचायला म्हणून. पण तीताची करा म्हणून अडून बसले तेव्हा गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो क्षणभरही नमला नाही. सुंता तीच, एकदा हो, एकदा नाही.

प्रशियात पुन्हा तेच झालं. 1817 मध्ये राजा तिसऱ्या फ्रीडरिख विल्हेल्मने लुथरन आणि रिफॉर्म्ड (कॅल्विनच्या परंपरेतले प्रोटेस्टंट) एकत्र केले, 1822 मध्ये स्वतःच्या देखरेखीखाली उपासनाविधीचं पुस्तक आणलं. त्यात प्रभुभोजन वाटताना पाळकाने म्हणायचं की प्रभू येशू म्हणतो हे माझं शरीर आहे, म्हणजे ज्याला जसा अर्थ लावायचा तसा लावू दे. जुनी शिकवण धरून असलेल्या लुथरन लोकांनी नकार दिला. 1834 मध्ये सायलेशियातल्या हॉनिगर्नला सैनिक आणून चर्च उघडलं गेलं. शेवटी पुष्कळ कुटुंबं दक्षिण ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत निघून गेली. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल दोन शब्दांसाठी देश सोडला. पण ते शब्द सूर किंवा झग्यासारखे नव्हते, त्यात प्रभू काय देतो तेच झाकलं जात होतं. या पुस्तकात वाटतानाचे शब्द बघा, ख्रिस्ताचं खरं शरीर, खरं रक्त, तुमच्यासाठी दिलेलं. इथे दोन रकाने नाहीत. कुठे पर्याय द्यायचा आणि कुठे नाही द्यायचा हे संपादकांना नीट कळलंय, आणि याच एका कारणासाठी मी पुस्तकाला वरचे मार्क देईन.

आता तक्रारी.

पहिली, पुस्तक कारणं सांगत नाही. पाच सेटिंग दिलीत, डावा उजवा रकाना दिलाय, करता येईल अशा सूचना दिल्यात, पण का, आणि कधी कुठलं, याबद्दल बाकावरच्या माणसाला जवळजवळ काही नाही. पाळकांसाठी वेगळी पुस्तकं आहेत, त्यात जास्त सूचना आहेत, पण ती घरोघरी नसतात. परिणाम असा की लोक पाच सेटिंगकडे आवडीनिवडीची यादी म्हणून बघतात, आज मूड कसला आहे. दहाव्या कलमातल्या चार ओळी सुरुवातीलाच छापल्या असत्या तर बरंच काम झालं असतं. लुथरचा लहान कॅटेकिझम, म्हणजे प्रश्नोत्तरांतली शिकवण, 321 पानापासून दिलाच आहे, अथनेशियन मतांगीकार पण दिलाय, मग याला एक पान मिळायला काय हरकत होती.

दुसरी, सगळी स्तोत्रं नाहीत. 150 पैकी निवडकच बाकावरच्या आवृत्तीत आहेत. त्याच 2006 साली दुसऱ्या लुथरन गटाचं, म्हणजे ईएलसीएचं इव्हँजेलिकल लुथरन वर्शिप आलं, त्यात सगळी दीडशे आहेत. स्तोत्रं ही चर्चची सगळ्यात जुनी प्रार्थना, त्यात काटछाट मला पटत नाही. माणसाला वाईट दिवसात लागणाऱ्या काही विलापस्तोत्रांसाठी शेजारी बायबल घेऊन बसावं लागतं. अर्थात त्या दुसऱ्या पुस्तकात प्रभुभोजनाची दहा सेटिंग आहेत, आणि मला पाचच्या पुढे गेलं की मंडळीला काहीच पाठ होणार नाही अशी भीती वाटते.

तिसरी तक्रार पुस्तकाची म्हणावी की वापराची माहीत नाही. याच्यासोबत कॉम्प्युटरवर उपासना तयार करायचं सॉफ्टवेअर पण मिळतं, त्यातून पूर्ण क्रम कागदावर छापता येतो किंवा स्क्रीनवर टाकता येतो. सोय आहे, नवीन आलेल्याला पानं शोधावी लागत नाहीत. पण मग पुस्तक बाकाच्या खणात तसंच पडून राहतं. आणि कागदावर काय छापलं, काय गाळलं, हे छापणाराच ठरवतो. पुस्तक हातात असलं की मंडळीला दिसतं की आज मतांगीकार गाळला, आज डावा रकाना घेतला, आणि ती विचारू शकते. मंडळीचा अधिकार म्हणतात तो असा वापरला जातो. म्हणून माझं म्हणणं, छापा, स्क्रीन लावा, पण पुस्तकाचा पान नंबर द्या आणि अधूनमधून पुस्तकच उघडायला सांगा.

मिसूरी सिनॉडच्या घटनेतही एक अट आहे, सदस्य मंडळ्यांनी शिकवणीच्या दृष्टीने शुद्ध असलेलीच विधीपुस्तकं, गीतपुस्तकं आणि कॅटेकिझम वापरायचे. काही जण यावर बोट ठेवून म्हणतात बघा, मोकळीक काढून घेतली. मला तसं वाटत नाही. हेच एक पुस्तक वापरा असं तिथे लिहिलेलं नाही, शुद्ध शिकवणीची अट आहे. आणि मंडळ्या आपखुशीने एकमेकींशी असं ठरवतात तेव्हा ते स्वातंत्र्यच असतं, वापरलेलं. उद्या कोणी म्हणालं की हे पुस्तक नसेल तर तुमचं तारण नाही, तर मात्र मी पहिला उठून जाईन.

गीतांबद्दल थोडक्यात. 331 पासून सुरू होतात, आगमनकाळापासून वर्षाच्या क्रमाने. लुथरचं बळकट किल्ल्याचं गीत दोन वेगवेगळ्या रूपांत दिलंय, 656 आणि 657, एक जुन्या उड्या मारणाऱ्या तालात, एक सगळ्यांना माहीत असलेल्या सरळ चालीत. पहिल्यांदा तो जुना ताल जड जातो, पण एकदा बसला की दुसरा सपक वाटतो. हे माझं मत, मंडळीला जे येतं ते गा.

घरी वापरण्यासाठी 294 पासून व्यक्तींसाठी आणि कुटुंबासाठी रोजच्या प्रार्थनेचे छोटे क्रम आहेत, सकाळ, दुपार, संध्याकाळ, दिवस संपताना. हे पुस्तकातलं सगळ्यात कमी वापरलं जाणारं आणि मला सगळ्यात जास्त लागणारं पान. लहान मुलं असतील तर अर्ध करा, म्हातारे आईवडील असतील तर त्यांना पाठ असलेलं स्तोत्र घाला, कोणी विचारत नाही.

कोणी घ्यावं? लुथरन असाल आणि या वादात कुठल्याही बाजूला असाल तर घ्याच. दुसऱ्या पंथाचे असाल आणि लिटर्जी म्हणजे कर्मकांड असं वाटत असेल तर मार्जिनमधल्या संदर्भांसाठी घ्या. पाळक असाल तर हे एकटं पुरणार नाही, सोबतची वेदीवरची प्रत लागेल. आणि घेतलंत की सुरुवातीला 184 आणि 213 या दोन पानांवर खुणेच्या पट्ट्या लावा, तिसरं आणि पाचवं सेटिंग शेजारी शेजारी वाचा, एकाच बैठकीत, मोठ्याने.